करारावर सही होण्याआधीचा राग

२०२१ च्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा. ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचा नवा मोसम महिनाभरावर आलेला. अशात सिडनीहून बातमी आली की सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्स हा क्लब समलिंगी माणसांबद्दलच्या वक्तव्यांमुळे वादात सापडलेल्या इझ्राएल फोलाऊ या खेळाडूला घ्यायच्या विचारात आहे. बोलणी चालू असल्याचं क्लबनं मान्यही केलं. करार झाला नव्हता, सही झाली नव्हती, स्पर्धा चालवणाऱ्या लीगची परवानगी मिळाली नव्हती. तरी क्लबच्या स्वतःच्याच चाहत्यांनी असा गदारोळ उठवला की काही दिवसांत क्लबला सांगावं लागलं, बोलणी थांबली आहेत, आता पुढे बघू.

ही बातमी मी इथे बसून वाचली तेव्हा मला पहिल्यांदा चाहत्यांचंच नवल वाटलं. ड्रॅगन्स आधीच्या दोन्ही मोसमांत पहिल्या आठांत सुद्धा नव्हते. समोर असलेला खेळाडू त्याच्या पिढीतल्या सर्वांत देखणा खेळ करणाऱ्यांपैकी एक. आणि अजून काही घडलंच नव्हतं, मग एवढा आरडाओरडा कशासाठी? त्यानंतर हे सगळं प्रकरण मी मागे मागे जात वाचून काढलं आणि माझं मत पार बदललं. ओरडायची वेळ तीच होती. आणखी महिनाभर गप्प बसले असते तर त्यांच्या ओरडण्याला काही किंमत उरली नसती. हे असं का, ते समजायला आधी थोडं खेळात आणि मग बरंच करारांत शिरावं लागेल.

रग्बी दोन प्रकारची आहे, इथपासून सुरुवात करू. आपण टीव्हीवर वर्ल्ड कप म्हणून पाहतो ती बहुतेक वेळा रग्बी युनियन, पंधरा-पंधरा जणांची. रग्बी लीग तेरा जणांची. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा वेळा खाली पाडलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा. खेळ त्यामुळे जास्त मोकळा, जास्त वेगवान. पण दोन्हींमधला खरा फरक नियमांचा नाही, पोटापाण्याचा आहे. उत्तर इंग्लंडमधल्या कोळसा खाणी आणि गिरण्यांतले कामगार शनिवारी सामना खेळायचे तेव्हा त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. तेवढी तरी भरून द्या, अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या साहेबी मंडळींना खेळात पैसा नको होता, कारण त्यांना तो लागत नव्हता. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यातूनच पुढे रग्बी लीग घडली. ऑस्ट्रेलियात १९०८ मध्ये तिची स्पर्धा सुरू झाली, तीही सिडनीच्या कामगार वस्त्यांमध्ये.

म्हणून या खेळातला क्लब हा मुळात एका वस्तीचा, एका उपनगराचा असतो. आजोबा ज्या क्लबचे, नातू त्याच क्लबचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९९९ च्या मोसमानंतर लीगनं साउथ सिडनी या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एकाला संघांची संख्या कमी करायची म्हणून बाहेर काढलं, तेव्हा हजारो माणसं लाल-हिरव्या कपड्यांत सिडनीच्या रस्त्यावर उतरली. क्लब कोर्टात गेला आणि २००२ मध्ये परत मैदानात आला. आपण बोललो तर निर्णय फिरतो, हा धडा तिथल्या चाहत्यांनी तेव्हाच गिरवला होता.

ड्रॅगन्सची गोष्ट थोडी वेगळी. सिडनीच्या दक्षिणेचा सेंट जॉर्ज हा जुना क्लब. १९५६ ते १९६६ अशी सलग अकरा वर्षं त्यांनी विजेतेपद सोडलं नाही. त्यांच्या दक्षिणेला वोलोंगाँगच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातला इलावारा. दोघं एकत्र आले आणि १९९९ पासून एक संघ म्हणून खेळू लागले. पांढऱ्याशुभ्र जर्सीवर छातीभर पसरलेली लाल व्ही, एवढीच त्यांची खूण. ती जर्सी कोण घालतो याकडे तिथल्या माणसाचं बारीक लक्ष असतं, कारण तीच जर्सी त्याच्या पोराच्याही अंगावर असते.

आता फोलाऊकडे येऊ. जन्म १९८९ चा, सिडनीच्या बाहेरच्या मिंटो भागातला, घराणं टोंगाचं. २००७ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तो मेलबर्न स्टॉर्मकडून रग्बी लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच मोसमात त्यानं २१ ट्राय केले. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवणं. त्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियाकडूनही खेळला, त्या संघाचा सर्वांत तरुण खेळाडू म्हणून. मैदानाच्या कोपऱ्यात उंच चेंडू पडतोय, खाली दोन बचावपटू वाट बघताहेत, आणि हा त्यांच्या डोक्यावरून उडी घेऊन चेंडू हवेतच उचलतोय, हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. पुढे ब्रिस्बेन ब्रॉन्कोस, मग मोठ्या रकमेवर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे त्या देशाचा स्वतःचा वेगळा फुटबॉल, आणि तिथून २०१३ मध्ये रग्बी युनियन. युनियनमध्ये ऑस्ट्रेलियाकडून ७३ कसोट्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने. तीन वेगवेगळे खेळ त्या देशात सर्वोच्च पातळीवर खेळणारे किती असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कौशल्याबद्दल वाद नव्हता आणि नाही.

वाद झाला तो त्याच्या लिहिण्यावरून. एप्रिल २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवर कुणीतरी त्याला विचारलं की समलिंगी माणसांसाठी देवाची योजना काय. त्यानं उत्तर दिलं: पश्चात्ताप केला नाही तर नरक. रग्बी ऑस्ट्रेलिया या युनियनच्या तिथल्या संघटनेनं समजावलं, प्रकरण निवळलं. इतकंच नव्हे, त्यानंतर त्याला २०२२ पर्यंतचा नवा करारही मिळाला. मग १० एप्रिल २०१९ ला त्यानं पुन्हा एक चित्र टाकलं. दारुडे, समलिंगी, व्यभिचारी, खोटारडे, चोर, नास्तिक, मूर्तिपूजक अशी यादी आणि खाली इशारा, नरक तुमची वाट बघतोय. या वेळी रग्बी ऑस्ट्रेलियानं त्याच्यावर आचारसंहिता भंगाची कारवाई केली. तीन जणांच्या समितीनं भंग गंभीर असल्याचं ठरवलं आणि मे महिन्यात करार रद्द झाला.

त्या यादीत मूर्तिपूजकही होते, म्हणजे मीही आलोच. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, हे मुद्दाम सांगतोय, कारण खरा फरक इथेच आहे. मूर्तिपूजक म्हणून मला कुणी शाळेच्या मागच्या अंगणात मारलेलं नाही. माझ्या घरच्यांनी मला त्यावरून घराबाहेर काढलेलं नाही. समलिंगी मुलांच्या वाट्याला हे येतं. इयन रॉबर्ट्स हा रग्बी लीगमधला दणकट फॉरवर्ड, ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला. १९९५ मध्ये, खेळत असतानाच, आपण समलिंगी आहोत हे त्यानं जाहीरपणे सांगितलं. या खेळातला तसं सांगणारा तो पहिला मोठा खेळाडू. फोलाऊच्या दुसऱ्या पोस्टनंतर रॉबर्ट्स टीव्हीवर बोलला तेव्हा त्याचा रोख धर्मावर नव्हता. उपनगरांत मुलं जीव देताहेत, असं तो म्हणाला. अशा वाक्यांचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडतं ते त्याला स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होतं. चाहत्यांच्या रागाचं मूळ मला तिथे दिसतं. आपल्या आजूबाजूच्या एखाद्या पोरानं ही जर्सी घालून स्टेडियममध्ये यायचं आणि मैदानातल्या त्या माणसाचं नाव घेऊन ओरडायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

आता करारांची गुंतागुंत. ही नीट समजली की चाहत्यांच्या घाईचा अर्थ लागतो.

खेळाडूशी करार झाला की तो क्लबचा किंवा संघटनेचा कर्मचारी होतो. कर्मचाऱ्याला काढायचं तर कारण दाखवावं लागतं, ते कोर्टात टिकावं लागतं. रग्बी ऑस्ट्रेलियानं फोलाऊला काढलं, तसं त्यानं धर्मावरून भेदभाव झाल्याचा दावा लावला. त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियन ख्रिश्चन लॉबी या संस्थेनं लोकांकडून २० लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. त्याची मागणी पुढे १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत गेली. डिसेंबर २०१९ मध्ये दोन्ही बाजूंनी कोर्टाबाहेर तडजोड केली. रक्कम गुप्त राहिली, पण परस्परांची माफी मागणारं संयुक्त पत्रक निघालं. ज्या संघटनेनं त्याला काढलं तिलाच शेवटी माफीचे शब्द लिहावे लागले. मग निकाल कुणाच्या बाजूनं लागला? कुणाच्याच नाही. कोर्टानं यावर कधी निवाडाच दिला नाही.

इथे एक बारकावा सहज निसटतो. करार रद्द होणं आणि खेळायला बंदी घातली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रग्बी ऑस्ट्रेलियानं फोलाऊची नोकरी काढून घेतली होती, त्याच्यावर बंदी घातलेली नव्हती. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही देशातला, दुसऱ्या कुठल्याही रग्बीतला क्लब त्याला नोकरी द्यायला मोकळा होता.

आणि एका क्लबनं दिलीही. जानेवारी २०२० च्या शेवटी कॅटलन्स ड्रॅगन्सनं त्याला एका वर्षासाठी करारबद्ध केल्याचं जाहीर केलं. नावात ड्रॅगन्स असला तरी हा क्लब वेगळा, दक्षिण फ्रान्समधल्या पर्पिन्यां शहराचा, पण खेळतो सुपर लीग या इंग्लंडच्या रग्बी लीग स्पर्धेत. चाहत्यांना कळलं तेव्हा सही झालेली होती. सुपर लीगच्या प्रमुखांनी निराशा व्यक्त केली आणि त्याच दमात सांगितलं की हे रोखण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. रग्बी फुटबॉल लीग या तिथल्या खेळाच्या मुख्य संघटनेनं सांगितलं की नोंदणी नाकारण्याइतका हा प्रकार आमच्या नियमांत बसत नाही. कॅटलन्सच्या अध्यक्षांनी ग्वाही दिली की त्याची मतं आम्हाला मान्य नाहीत आणि पुन्हा तसं काही बोलला तर करार तत्काळ संपेल. ब्रिटनमध्ये खेळत असताना आपण समलिंगी असल्याचं २०१५ मध्ये सांगणाऱ्या कीगन हर्स्टनं उघड नाराजी व्यक्त केली. विगन वॉरियर्स या प्रतिस्पर्धी क्लबनं लगेच जाहीर केलं की मार्चमध्ये कॅटलन्स आपल्याकडे येतील तो दिवस आम्ही प्राइड डे, म्हणजे समलिंगी समाजाच्या सन्मानाचा दिवस म्हणून साजरा करू आणि आमचे खेळाडू इंद्रधनुषी मोजे आणि नाड्या घालतील. विगननं जे केलं ते मला फार भावलं. समोरच्याला न अडवता, आपल्या मैदानात कुणाचं स्वागत आहे एवढंच त्यांनी सांगितलं. पण बघा, एवढ्या सगळ्यांनी नाराजी दाखवूनही काय बदललं? १५ फेब्रुवारी २०२० ला कॅसलफोर्डविरुद्ध पर्पिन्यांच्या मैदानात तो उतरला आणि सहाव्या मिनिटाला त्यानं ट्राय केला. पर्पिन्यांच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. विगनचा तो सामना कोरोनामुळे मार्चमध्ये झालाच नाही.

या प्रकरणानंतर सुपर लीगच्या क्लबांनी वादग्रस्त खेळाडू घेण्यावर लीगला नकाराधिकार असावा असं ठरवलं. पुढच्यांसाठी ते बरं झालं, पण फोलाऊच्या सहीला त्याचा काही उपयोग नव्हता.

सिडनीतल्या ड्रॅगन्सच्या चाहत्यांसमोर हे वर्षभरापूर्वीचं ताजं उदाहरण होतं. म्हणून त्यांनी अफवेच्या टप्प्यावरच आवाज चढवला. खेळाडू परत येण्याच्या वाटेवर साधारण चार दारं असतात. त्याच्या जुन्या क्लबनं त्याला सोडायला हवं, आणि एका वर्षाचा करार पुढे वाढवल्यामुळे फोलाऊ तेव्हाही कॅटलन्सच्या कराराखाली होता. नव्या क्लबला तो हवा असायला हवा. त्याचा पगार लीगनं ठरवलेल्या कमाल मर्यादेत बसायला हवा, ज्याला तिथे सॅलरी कॅप म्हणतात. ही मर्यादा किती कडक असते याचा पुरावा फोलाऊच्याच पहिल्या क्लबकडे आहे. मेलबर्न स्टॉर्मनं चोरून जास्त पैसे वाटल्याचं २०१० मध्ये उघड झालं आणि त्यांची २००७ व २००९ ची विजेतेपदं काढून घेतली गेली. शेवटचं दार लीगचं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय रग्बी लीगमध्ये, म्हणजे एनआरएलमध्ये, प्रत्येक करार लीगकडे नोंदवावा लागतो आणि खेळाच्या हिताला बाधक वाटला तर लीग नोंदणी नाकारू शकते.

या चौथ्या दाराची २०१९ मधली भाषा अगदी स्पष्ट होती. लीगच्या प्रमुखांनी तेव्हा फोलाऊला जागा नाही असं सांगितलं होतं, आणि त्याच वर्षी अध्यक्ष झालेल्या पीटर व्हीलँडिस यांनीही हा खेळ सर्वांना सामावून घेणारा आहे, फोलाऊची वक्तव्यं तशी नाहीत, असं म्हटलं होतं. मग २०२१ मध्ये चाहत्यांनी लीगवर विसंबून गप्प का बसू नये? कारण अर्ज आल्यावर तो रीतसर तपासावा लागतो, नकार दिला तर पुन्हा वकील, पुन्हा कोर्ट, पुन्हा तडजोड. चारांपैकी एकच दार असं होतं जे कुठलंही कारण न देता, कुणालाही भरपाई न देता बंद करता येत होतं, ते म्हणजे क्लबचं. आणि तेही सही होईपर्यंतच. चाहते नेमके त्या दारावर जाऊन उभे राहिले. शिवाय फेब्रुवारी हा सदस्यत्वाचे पैसे भरायचा काळ. प्रायोजकही याच सुमारास मोसमाचा हिशेब मांडत असतात. सदस्यानं पैसे रोखून धरले तर क्लबला ते लगेच जाणवतं.

प्रत्येक नावडत्या खेळाडूवरचा राग असाच असतो असं नाही. याच लीगमधलं दुसरं गाजलेलं उदाहरण सॉनी बिल विल्यम्सचं. १९ वर्षांचा असताना तो कँटरबरी बुलडॉग्सकडून २००४ चं विजेतेपद जिंकला. क्लबनं त्याला लांबचा करार दिला, आणि जुलै २००८ मध्ये, ऐन मोसमात, सहकाऱ्यांना न सांगता तो विमानात बसला आणि फ्रान्सच्या तुलाँ क्लबकडून रग्बी युनियन खेळायला निघून गेला. करार मोडल्याची भरपाई द्यावी लागली, पण चाहत्यांचं दुखणं पैशाचं नव्हतंच. त्यांनी त्याला ‘मनी बिल’ म्हणायला सुरुवात केली. २०१३ मध्ये तो लीगमध्ये परतला तोही बुलडॉग्सच्या शहरातल्याच प्रतिस्पर्ध्याकडे, सिडनी रूस्टर्सकडे, आणि त्याच वर्षी त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. बुलडॉग्सच्या चाहत्यांना ते किती झोंबलं असेल याची कल्पना करा. पण हा राग घरातून न सांगता निघून गेलेल्या माणसावरचा राग. असा राग काळानं निवतो, माफी मागितली तर लवकर निवतो, आणि रूस्टर्सच्या चाहत्याला त्याचं काहीच वाटत नाही. फोलाऊच्या बाबतीत कुठल्याही क्लबचा चाहता असो, प्रश्न तोच राहतो. आणि तिथे निवण्याची वाट एकच होती, त्यानं आपले शब्द मागे घेणं. त्यानं ते कधीही घेतले नाहीत. उलट नोव्हेंबर २०१९ मध्ये चर्चमधल्या प्रवचनात त्यानं ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा संबंध समलिंगी विवाह आणि गर्भपाताच्या कायद्यांशी जोडला. वणव्यात माणसं गेली होती. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन हे स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन, त्यांनीही त्या बोलण्याचा निषेध केला.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी टाळणार नाही, कारण त्यात वजन आहे. मारामारी, दारू, बायकोला मारहाण अशा प्रकरणांत अडकलेल्या खेळाडूंना या लीगनं पुन्हा पुन्हा संधी दिली आहे. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या खेळाडूला निकाल लागेपर्यंत पूर्ण पगार देऊन बाहेर बसवायचा नियम तर २०१९ मध्ये आला. मग ज्यानं कुणावर हात उचलला नाही, फक्त आपला धर्म सांगितला, त्यालाच दार बंद का? हा प्रश्न टोंगा-सामोआच्या घरांमध्ये तर फार पोटतिडकीनं विचारला गेला. एनआरएलचे जवळपास निम्मे खेळाडू पॅसिफिक बेटांच्या किंवा माओरी वंशाचे आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी रविवारचं चर्च हे कुटुंबाचं हृदय आहे. हा ताण खरा आहे हे जुलै २०२२ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मॅनली सी ईगल्सनं एका सामन्यासाठी इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी काढली, खेळाडूंना न विचारता. सात खेळाडूंनी ती घालायला नकार दिला आणि ते सामन्यात उतरले नाहीत. प्रशिक्षकानं जाहीर माफी मागितली ती दोघांचीही, त्या सात जणांची आणि समलिंगी समाजाचीही. त्या सात जणांना कुणी लीगमधून काढलं नाही. पुढे ते परत खेळायला आले.

माझ्या मते उत्तर याच प्रसंगात आहे. त्या सात जणांनी आपल्यापुरतं नाही म्हटलं. ज्याला जे मानायचं ते त्यानं मानावं, जे अंगावर घालवत नाही ते घालू नये. फोलाऊनं दुसऱ्यांना ते कोण आहेत म्हणून नरकात धाडलं, लाखो लोक बघत असताना, आधी समज मिळालेली असताना, पुन्हा. आणि मारहाण केलेल्यांना संधी मिळते ही चूक असेल तर ती तिथे दुरुस्त करावी, आणखी एक दार उघडून ती भरून निघत नाही.

ड्रॅगन्सनंतर फोलाऊनं क्वीन्सलंडमध्ये साउथपोर्ट टायगर्स या स्थानिक क्लबाकडून खेळायचा प्रयत्न केला. त्यासाठी उद्योगपती क्लाइव्ह पामर त्याच्या पाठीशी उभे राहिले, पण तिथेही कॅटलन्सच्या कराराचा प्रश्न आडवा आलाच. मग तो जपानला गेला, रग्बी युनियनमध्ये. आंतरराष्ट्रीय पात्रतेचा नियम बदलल्यामुळे २०२२ मध्ये त्याला आपल्या पूर्वजांच्या टोंगाकडून, त्यांच्या लाल जर्सीत खेळता आलं, पण फ्रान्समधला २०२३ चा वर्ल्ड कप दुखापतीमुळे हुकला. त्या बेटांवरच्या घराघरांतून त्याच्यासाठी प्रार्थना झाल्या असतील. एनआरएलमध्ये मात्र तो २०१० नंतर पुन्हा खेळला नाही. ड्रॅगन्सनी २०२१ चा मोसम त्याच्याशिवाय सुरू केला, मार्चमध्ये, कोगराच्या आपल्या जुन्या मैदानात, आणि गॅलरीत पांढऱ्या जर्सीवरच्या लाल व्ही तशाच रांगेनं बसल्या होत्या.